दहा आकडी माणूस



बँकेत खातं उघडायचा अर्ज तुम्ही कधी ना कधी भरलाच असेल. माझी सगळी नोकरी असले अर्ज तपासण्यात गेली, सातारा-कोल्हापूर भागातल्या शाखांमध्ये. मी लागले तेव्हा अर्जात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, राहायचा पत्ता, धंदा आणि खाली नमुना सही. लिहिता येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा. फोन नंबराचा रकाना असायचा, पण तो बहुधा कोराच राहायचा आणि त्यावाचून कुणाचं काही अडायचं नाही. आता पत्त्यातला घर क्रमांक चुकला तरी चालतं. मोबाईल नंबरातला एक आकडा चुकला, की त्या माणसाला स्वतःचेच पैसे दिसेनासे होतात.

मला आज बोलायचंय ते या दहा आकड्यांबद्दल. मोबाईलनं डोळे जातात, मान धरते, पोरं बिघडतात, हे ऐकून तुमचे कान किटले असतील. माझेही किटलेत. नंबराकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही, आणि तो तर आपल्या नावाच्या जागेवर येऊन बसला आहे.

पूर्वी फोन नंबर माणसाचा नसायचा, घराचा असायचा. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून ज्यांच्याकडे फोन नव्हता ते व्हिजिटिंग कार्डावर किंवा लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापत आणि पुढे कंसात पी. पी. अशी दोन अक्षरं टाकत. त्या दोन अक्षरांत केवढा शिष्टाचार होता! दुपारी दोन ते चार फोन करायचा नाही. निरोप थोडक्यात सांगायचा. शेजारच्या काकूंचा मुलगा गॅलरीतून हाक मारणार, आपण ओल्या हातानं धावत जाणार, आणि आपलं बोलणं त्यांचं सगळं घर ऐकणार. दिवाळीत फराळाचं पहिलं ताट तिकडे जायचं, ते उगीच नव्हे. फोन लावला की समोर कोण उचलेल ते ठाऊक नसे, पण तो कुठे वाजतोय ते पक्कं ठाऊक असे. म्हणून पहिला प्रश्न असायचा, ‘कोण बोलतंय?’ आता पहिला प्रश्न असतो, ‘कुठे आहेस?’ आणि उत्तर खरं असेलच असं नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला. भारतातला तो पहिला मोबाईल कॉल मानतात. तेव्हाचे दर ऐकून आज हसू येईल. केलेल्या फोनचे पैसे पडतच, आलेल्या फोनचेही पडत. २००३ च्या सुमारास येणारे कॉल फुकट झाले आणि मग रिक्षावाले, गवंडी, दूधवाले अशा सगळ्यांच्या खिशात फोन आला. त्यांच्यासाठी तो शोभेचा नव्हता. गवंड्याला आता कामासाठी रोज सकाळी नाक्यावर उभं राहायलाच हवं असं उरलं नाही. नंबर चार लोकांकडे असला म्हणजे झालं. नंबर हाच त्याचा पत्ता झाला, हेच त्याचं दुकान झालं.

त्याच काळात मिस कॉल आला. न उचललेल्या कॉलचे पैसे लागत नाहीत, एवढ्या एका फटीतून आपल्या लोकांनी अख्खी भाषा काढली. एक रिंग म्हणजे मी खाली आलोय, दोन म्हणजे गाडी मिळाली, तीन म्हणजे तू मला फोन कर, माझ्याकडे बॅलन्स नाही. कंपन्यांनी हे शिकवलेलं नव्हतं. पुढे बँकांनीही ते उचललं आणि खात्यातली शिल्लक मिस कॉलवर सांगायला सुरुवात केली. तंत्रज्ञान माणसाला बदलतं, असं सारखं म्हटलं जातं. इथे काटकसरी माणसानं तंत्रज्ञानाला वाकवलं, आणि मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

नंबराचं वजन खरं वाढलं ते पुढे. कार्डानं ऑनलाइन पैसे देताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खातरजमा हवी, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये लागू केला. ती खातरजमा हळूहळू ओटीपी होऊन आपल्या मोबाईलवर यायला लागली. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि आधारलाही मोबाईल जोडला गेला. २०११ च्या जानेवारीपासून कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय देशभर झाली. म्हणजे नंबर आता कंपनीचा न राहता तुमच्याच मागे यायला लागला. २०१६ मध्ये यूपीआय आलं. आता पैसे पाठवायला खाते क्रमांकही नको, नंबर पुरतो.

मी काउंटरवर होते, म्हणून मला हा बदल सहीच्या बाजूनं दिसला. सही जुळवणं हे एक कसब होतं. विथड्रॉवल स्लिपवरची सही नमुना सहीशी ताडायची. अर्धांगवायू झालेल्या गुरुजींची सही कशी जुळणार? पण आम्ही गुरुजींना ओळखत होतो. साहेब उठून बाहेर येत, चौकशी करत, आपल्या जबाबदारीवर पास करत. त्यात चुका व्हायच्या, मेहेरबानीही व्हायची, पण माणूस माणसाला पाहून हो म्हणायचा. ओटीपी मात्र तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करत नाही. तो एवढंच सांगतो, की तो फोन या घडीला ज्याच्या हातात आहे त्याला सहा आकडे वाचता येतात. म्हणूनच ठग हल्ली तुमची सही गिरवायला बसत नाहीत, तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढायच्या खटपटीत असतात.

तरी जुन्या दिवसांची आरती मी ओवाळणार नाही. अंगठेवाल्या बायकांना आम्ही बहुधा चेकबुक देत नसू. त्यांनी दर वेळी स्वतः यायचं, ओळखीचं कुणी आणायचं, शाईनं बोट काळं करायचं आणि मग फडकं मागत उभं राहायचं. मागे रांगेतले लोक चुळबुळत असत. सहा आकडे ओळखता आले की ते सगळं चुकतं, हे मी कसं नाकारू?

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तुमचा नंबर तुमच्या सिममध्ये नसतो. सिमला स्वतःचा एक वेगळा, पंधरा आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे तुमचा दहा आकडी नंबर, ही जोडी कंपनीच्या संगणकातल्या एका नोंदीत असते. म्हणून सिम हरवलं तरी नव्या सिमवर जुना नंबर मिळतो. नुसती नोंद बदलायची असते. आणि म्हणूनच तो नंबर जातोही. काही महिने वापर झाला नाही, रिचार्ज झालं नाही, की नोंद पुसली जाते. मग किमान ९० दिवस थांबून तोच नंबर दुसऱ्या कुणाला देता येतो. आकड्यांचा हा साठा शेवटी सरकारचा. आपण वापरणारे, मालक नव्हे.

याचा अनुभव घरातलं कुणी गेलं की येतो. तेराव्यानंतर कागदपत्रं काढली जातात आणि कळतं, की वडिलांचं बँक, विमा, वीजबिल, गॅस, सगळं त्या एका नंबरावर आहे. मग नॉमिनीचं काम होईपर्यंत गेलेल्या माणसाचं रिचार्ज करत राहावं लागतं. परदेशातल्या आपल्या मुलांचीही थोडी अशीच तऱ्हा. न्यू जर्सीत वीस वर्षं राहिलेला मुलगा भारतातलं सिम जपतो आणि न विसरता रिचार्ज करतो, कारण ठाण्याच्या फ्लॅटचं नि इथल्या खात्याचं दार त्याच एका नंबरानं उघडतं.

आता बायकांबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वर्षांच्या बायकांना विचारलं होतं, की स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. देशभरात साधारण ५४ टक्के जणींनी हो म्हटलं. उरलेल्यांचाही नंबर अर्जात असतोच, पण तो नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा. काउंटरवरचं हे नेहमीचं दृश्य. बाई समोर उभी, खातं तिचं, पैसे तिचे, आणि नंबर विचारला की ती मागे वळून पाहते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं, आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, त्यांनी काय करायचं? अशा बायका सेवा केंद्रांच्या पायऱ्यांवर बसलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. सरकारनं नंतर त्यातून वाट काढली. पण मुळात हा प्रश्न अर्ज तयार करणाऱ्याच्या डोक्यात आला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. त्याच्या स्वतःच्या खिशात स्वतःचा फोन होता.

कोविडच्या लसीचं तेवढं बरं होतं. को-विनवर २०२१ मध्ये एका नंबरावर चार जणांची नोंदणी करता येत होती. त्यामुळे गल्लीतल्या एखाद्या कॉलेजकुमाराच्या नंबरावर तीन आज्या नोंदलेल्या असायच्या, आणि तिघींच्या लशीचे संदेश त्याला यायचे. पुन्हा पी. पी. नंबरच म्हणायचा तो!

नंबर आपला झाला, तरी त्यावरचं नाव आपल्या हातात नसतं. जरा तुमच्या फोनमधली नावं वाचून पाहा. ‘इस्त्री’. ‘रद्दी’. ‘गॅस’. ‘सुतार भाऊ’. ‘नाना नवीन’, ‘नाना जुना’, आणि त्याखाली ‘नाना नवीन २’. शाळेच्या ग्रुपात सगळ्या ‘आर्याची आई’ नि ‘सोहमची आई’. या बायकांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, पण तिथे मुलाच्या नावानं ओळख. एका मैत्रिणीच्या फोनमध्ये एक नाव आहे, ‘उचलू नको’. तो माणूस नात्यातला आहे, एवढंच सांगते. आणि आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई? बहुतेक घरांत त्या ‘पोळीवाल्या मावशी’ म्हणून आहेत. पाच घरांत पाच पोळीवाल्या मावशी, बाई एकच, आणि पाचांपैकी एकाही फोनात तिचं नाव नाही.

हे आपल्या फोनातच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. स्वीडनमध्ये २००९ साली सुरू झालेलं, फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ट्रूकॉलर ॲप आपल्याकडे तुफान चाललं. ज्यांनी त्याला आपल्या नावांची यादी वाचू दिली, त्यांनी तुम्हाला ज्या नावानं साठवलं असेल, ते नाव अनोळखी माणसाच्या पडद्यावर उमटू शकतं. म्हणजे तुम्ही स्वतः ते कधी घेतलंही नसेल, तरी ‘एलआयसी कुलकर्णी’ म्हणून गावभर पोचलेले असता. आपल्याकडे धंद्यावरून आणि गावावरून आडनावं पडली, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे बारसं कुणी केलं ते कळत नाही.

यावर उपाय म्हणून दूरसंचार नियामक ट्रायनं २०२४ मध्ये एक शिफारस केली, की फोन वाजताना पडद्यावर सिमच्या अर्जात लिहिलेलं नाव दाखवावं. खोटे कॉल ओळखायला हे बरं. पण आपल्याकडे अर्ज कुणाच्या नावानं भरलेला असतो? सून नवऱ्याच्या नावावरच्या सिमवरून माहेरी फोन करणार, आणि ज्यांच्याकडे तिचा नंबर साठवलेला नाही, त्यांच्या पडद्यावर जावईबापू झळकणार. तुमच्या आईच्या हातातलं सिम कुणाच्या नावावर आहे, ते घरी विचारून पाहा.

एके काळी ओळखीला नाव नि गाव पुरायचं. रेडिओच्या फर्माईशीच्या कार्यक्रमांत पूर्वी पोस्टकार्डांवरची नावं वाचली जात. नाव, मग गाव. त्या पत्रांनी झुमरी तलैया हे एवढंसं गाव देशभर प्रसिद्ध केलं. नंबर सांगायची तेव्हा कुणाला गरज वाटली नव्हती.

यूपीआयनं नकळत एक चांगली गोष्ट केली. क्यूआर कोड स्कॅन केला, की बँकेत नोंदलेलं पूर्ण नाव पडद्यावर येतं. आमच्या मंडईत वर्षानुवर्षं ज्यांना ‘ओ मावशी’ म्हणून हाक मारली, त्यांची नावं अशी पहिल्यांदा वाचायला मिळाली. कुणी शेवंता, कुणी हौसाबाई, आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. एकीला मी नावानं हाक मारली, तर ती दचकलीच. मग मेथीची जुडी जरा मोठी दिली.

पालेभाजीवालीच्या शेजारी लिंबं-मिरच्या घेऊन बसणाऱ्या आजी आहेत. त्यांच्याकडे स्कॅन केलं, तर पडद्यावर एका पुरुषाचं नाव आलं. मी म्हटलं, ‘आजी, हे कुणाचं नाव?’

‘जावयाचं. फोन त्याचा हाय न्हवं.’

मी माझं बँकेतलं शहाणपण सुरू केलं. तुमचं स्वतःचं खातं काढा, तुमच्या नावाचं सिम घ्या, मग कोडवर तुमचं नाव येईल, वगैरे. त्या मिरच्या निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘बाई, नावाचं ऱ्हाऊ द्या. पैसं पोचलं का तेवढं बगा.’

पोचले होते. जावयाच्या खात्यात.