आईचा मसाला आणि मंगळवारचं चिकन

रात्री साडेनऊला लॅपटॉप मिटला की माझं बोट आपोआप डिलिव्हरी ॲपवर जायचं. आईने उन्हाळ्यात पाठवलेला कांदा-लसूण मसाला दिवाळीपर्यंत तसाच. ती विचारायची, "संपला का रे?" मी म्हणायचो, "संपत आलाय." साफ खोटं!

आता सकाळीच अर्धा किलो चिकनला दही, हळद, मीठ, आलं-लसूण लावून फ्रीजमध्ये ठेवतो. रात्री दोन कांदे लाल परतायचे, गॅस बारीक करून दोन चमचे मसाला, मग चिकन. झाकणावर पाणी ठेवा, २५ मिनिटं. हाडाजवळ लाली दिसली तर अजून ५.

परवा मीच फोन केला, "आई, मसाला संपला. खरंच." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "किती पाठवू?"