गायनाची शिकवणी



चौकशीस येणारे पालक बहुधा प्रथमच विचारतात, ‘मुलगी विशारद केव्हा होईल?’ गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा सांगून मी म्हणतो, आधी महिनाभर नुसता षड्ज लावून पाहू. काहीजण तेथूनच परततात, बरेच होते!

हट्टी मुलास मात्र परतवू नये. पलटे टाळणाऱ्यास भूपाचे पाच स्वर द्यावेत. मध्यम-निषाद वर्ज्य असल्याने त्यास चाल चटकन सापडते. मग पलटे तो आपणहून मागतो.

याहून अवघड म्हणजे आप्तांकडे फी मागणे. ती पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी. जिला ती झेपत नाही अशा मुलीसाठी संघाच्या शिष्यवृत्तीत संगीताचाही समावेश व्हावा, ही कार्यकारी मंडळास विनंती.