भात कमी करणाऱ्यांचा सायंकाळचा थकवा



वार्षिक सभेत आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आपल्याकडे प्रथा आहे. यंदाच्या विषयासाठी आम्हांस शोध घ्यावा लागला नाही. बाह्यरुग्ण विभागात वर्षभर एकच तक्रार निरनिराळ्या तोंडून ऐकू येत होती : "भात सोडला, चालायलाही लागलो, पण संध्याकाळ झाली की अंगात काही उरत नाही."

कशेळे परिसरातील एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण सांगतो. मधुमेहाचे निदान झाल्यावर त्यांनी भात आणि भाकरी दोन्ही एका दिवसात बंद केली. दुपारी काकडी, पालेभाजी आणि एखादे अंडे. सायंकाळी मुरबाडच्या रस्त्याने भराभर चालणे. पहिल्या आठवड्यात वजन दोन किलोंनी उतरले आणि घरात आनंद झाला. दुसऱ्या आठवड्यात मात्र दिवस कलता कलता पाय जड होऊ लागले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. गुरुजींनी हा आपला आळस मानला आणि अंतर वाढवले. एके सायंकाळी ते रस्त्याकडेच्या मोरीवर बसले ते उठेनात. ओळखीच्या रिक्षावाल्याने त्यांना आमच्याकडे आणले. रक्तातील साखर होती 58.

हा आळस नव्हता, हे त्यांना पटवण्यास आम्हांस बराच वेळ लागला. शिस्तीचा मनुष्य थकव्याचा दोष प्रथम स्वतःच्या मनाला देतो, आणि तेथेच घात होतो.

आपल्या यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास साखरेचा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. पिष्टमय पदार्थ एकाएकी तोडले की हा साठा उतरतो व पाणीही जाते. गुरुजींचे पहिले दोन किलो बव्हंशी हेच होते. शिवाय इन्शुलिनचे प्रमाण घटले की मूत्रपिंडे अधिक मीठ बाहेर टाकू लागतात. आपल्या भागात तर मिठाची आणखी एक वाट बंद होते. भात, पेज, त्यासोबतचे लोणचे, पापड, सुकट या साऱ्यांतून जाणारे मीठ भाताबरोबरच ताटातून उठते. लावणीच्या दिवसांत शेतावर निघणारा माणूस मीठ घातलेली पेज पिऊन का निघत असे, याचे उत्तर येथे आहे. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात घाम गाळीत चालणाऱ्याला दुपारपर्यंतची तूट सायंकाळी जाणवते.

याचा अर्थ भात कमी करणे चुकीचे, असे कोणी समजू नये. कर्जत हा भाताचा तालुका आहे; येथील कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जातींना 'कर्जत' हेच नाव आहे. येथे भात कमी करा असे सांगणे जिवावर येते, तरी सांगावे लागते. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात, आणि आपले ताट 100 ग्रॅमवर थांबत नाही. पण किती कमी करावे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीवर आधारित 2022 च्या अभ्यासात, नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी आहारातील एकूण उष्मांकांपैकी 49 ते 54 टक्के कर्बोदकांतून आणि सुमारे 20 टक्के प्रथिनांतून यावेत, असे प्रमाण सुचवले आहे. म्हणजे भात अर्धा आणि वाल, चवळी, अंडी, मासळी दुप्पट. भात शून्य करा, असे त्यात नाही. अनेकजण तांदळाऐवजी नाचणी खाऊन निश्चिंत होतात; नाचणीत तंतू व कॅल्शियम चांगले, परंतु पिष्ट तांदळाहून फार कमी नाही.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेला दोनच वेळा जेवण्याचा मार्ग येथेही अनेकांनी धरला आहे. त्याचा भर जेवणांच्या संख्येवर आणि चालण्यावर आहे. त्यात आपल्या मनाने भातबंदी मिसळून, वर जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवणारे रुग्ण आम्ही पाहतो, आणि खरी काळजी त्यांचीच वाटते.

शरीराला नव्या इंधनाची सवय होण्यास काही आठवडे लागतात. 1983 साली अमेरिकेत 5 सायकलपटूंवर झालेल्या प्रयोगात 4 आठवड्यांनंतर मध्यम गतीची सहनशक्ती सरासरीने टिकून राहिली; मात्र त्यांना क्षार मोजून दिले होते. उलट 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, निष्णात चालपटूंवरील अभ्यासात अशा आहाराने वेगाच्या कामास अधिक प्राणवायू लागू लागला. तेव्हा पहिला महिनाभर सपाट रस्त्याने, बोलता येईल इतक्या गतीने चालावे. पेठच्या किल्ल्याची चढण नंतर आहेच. दुपारचे जेवण आणि सायंकाळचे चालणे यांत पाच-सहा तास जात असतील, तर चालणे सकाळी अथवा जेवणानंतर आणावे. पातळ ताकात चिमूटभर मीठ घ्यावे. पण रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आम्हांस विचारल्याखेरीज तेही नको.

गुरुजींच्या बाबतीत मीठ हा अर्धाच भाग होता. भात गेला तरी ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू होती. अशा गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला चालताना घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर त्याने तेथेच थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना कर्बोदके फार तोडल्यास रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो; साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून तो लपून राहतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप यांकडे अशा वेळी दुर्लक्ष करू नये.

आणखी एक गोष्ट देणगीदारांच्या कानी घालतो. याच रुग्णालयात वाड्यांवरून येणाऱ्या ठाकूर व कातकरी कुटुंबांतील गर्भवती, मुले आणि क्षयरोगी यांना आम्ही भात वाढवावयास सांगतो, त्यावर डाळ व तेलही. शेजारच्या बाकावर ऐकलेला सल्ला त्यांनी घरी नेऊ नये, यासाठी आहाराविषयीचे बोलणे आता आम्ही प्रत्येकाशी स्वतंत्र करतो.

गुरुजींची गोळी कमी केली, दुपारी एक मूद भात व वालाचे बिरडे परत आणले. ते आता सकाळी चालतात. रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती एवढीच की, आहार बदलण्यापूर्वी आमच्याकडे यावे आणि येताना घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून आणाव्यात.