वही तपासणारं यंत्र



मेळाव्यात जे बोललो तेच स्मरणिकेसाठी लिहून दे, असा संपादक मंडळाचा हुकूम आहे. त्या दिवशी जेवणाची वेळ झाल्यामुळे अर्धं राहिलं होतं, तेही इथे उरकून घेतो.

मी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आज सांगतोय ते बिनपगारी काम. ओपन सोर्स म्हणजे ज्याची वही सगळ्यांसाठी उघडी असते असं सॉफ्टवेअर. कोणीही वाचावं, कोणीही दुरुस्ती सुचवावी. सुचवली म्हणजे लगेच लागली असं मात्र नाही. ज्याच्याकडे ती वही सोपवलेली असते, तो मेंटेनर सुचवलेली दुरुस्ती ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, मगच आत घेतो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आपल्या भाषेत, वह्या तपासणं. साठ वह्यांचा गठ्ठा घरी नेणाऱ्या आपल्या सरांना आणि बाईंना हे काम काय असतं ते मी सांगायला नको.

माझं असंच एक छोटं साधन आहे. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणला की त्यात बराच कचरा राहतो. तो साफ करायचा, एवढंच त्याचं काम. छोटे प्रकाशक, दिवाळी अंकवाले, डीटीपी करणारे वापरतात. मेंटेनर मी एकटाच. खांदेश्वरहून ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये जमेल तसं करतो.

गेल्या वर्षी मी तपासणीला एआय लावलं. पहिल्याच आठवड्यात त्याने माझी लाज काढली. इंग्रजी अक्षर साठवायला एक बाइट लागतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी नुसत्या कान्यालाही, तीन लागतात. एका ठिकाणी मी चिन्हं मोजून तेवढेच बाइट राखून ठेवले होते. ओळ लांब असली की मजकूर ठरवलेल्या जागेबाहेर सांडणार. मी ते पान किमान वीस वेळा वाचलं असेन. यंत्राने एका मिनिटात बोट ठेवलं.

मग काय, माझा विश्वास बसला. जरा जास्तच बसला.

थोड्या दिवसांनी यंत्राने एक सूचना केली. माझ्या कोडमध्ये सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायची ओळ होती, आणि त्यातून एक चिन्ह वगळलेलं होतं. हा अपवाद अनावश्यक दिसतो, काढला तर कोड सुटसुटीत होईल, असं यंत्राचं म्हणणं. अपवाद का ठेवलाय हे मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे यंत्राला तरी कसं कळणार? रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी मान्य करून झोपलो.

ते चिन्ह म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. दिसत नाही, जागा घेत नाही. पण बऱ्याच जुन्या मजकुरात मराठीतला अर्धा ऱ्, तो आडवा छोटासा, त्याच्या जोरावर उभा असतो. ते काढलं की ऱ् चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. अकरा दिवसांनी एका प्रकाशकांचा मेल आला. त्यांच्या प्रवासवर्णनात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला होता, आणि लग्नाच्या प्रसंगात आचाऱ्यांना द्यायची बिदागी आचार्यांना गेली होती. पुस्तक छपाईला जाणार होतं त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी प्रूफ डोळ्यांनी वाचलं, म्हणून वाचलो.

माझं प्रकरण किरकोळ. कर्ल नावाचं एक साधन आहे, १९९८ पासूनचं. तुमच्या फोनमध्ये, टीव्हीमध्ये, नव्या गाडीतही ते बहुधा असेल. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग ते सांभाळतात. सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्याला तिथे बक्षीस मिळत असे. एआय आल्यावर लोक त्याच्याकडून भारदस्त भाषेत चुका लिहून घेऊन पाठवू लागले. चूक नसायचीच, पण ती नाही हे ठरवायला स्वयंसेवकांचे तास जायचे. वैतागून त्यांनी जानेवारी २०२६ अखेर बक्षीस बंद केलं. गंमत अशी की त्याआधी काही महिने, २०२५ मध्ये, एका संशोधकाने एआयचीच साधनं वापरून कर्लमधल्या चुकांची लांबलचक यादी पाठवली होती. त्यातून पन्नासच्या आसपास दुरुस्त्या झाल्या, आणि स्टेनबर्ग यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. या माणसाने यंत्राचं उत्तर पुढे ढकलण्याआधी स्वतः तपासलं होतं. मी साडेअकरा वाजता ते केलं नाही.

मेलच्या दुसऱ्या दिवशी मी अपवाद परत घातला, शेजारी त्याचं कारण लिहिलं आणि प्रकाशकांची माफी मागितली. मग एक चाचणी लिहायला बसलो : ठरावीक शब्द साधनातून काढायचे आणि जसेच्या तसे बाहेर येतात का ते बघायचं. मला आठ शब्द आठवले. तेव्हा वडाळे तलावाजवळ राहणाऱ्या आपल्या मराठीच्या बाईंना फोन केला. "बाई, ऱ् चे शब्द हवेत." त्यांनी कशासाठी हेही विचारलं नाही. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर रेघी वहीच्या पानाचा फोटो आला. चव्वेचाळीस शब्द, अक्षर तेच. वाऱ्यावर, पायऱ्या, सुऱ्या, कोऱ्या, गोऱ्हा, कऱ्हाड, तऱ्हा. आता कोणीही, मी किंवा यंत्र, कोडमध्ये काही बदललं की हे चव्वेचाळीस शब्द पार झाल्याशिवाय बदल आत जात नाही.

परवा यंत्राने त्या यादीवरही शेरा मारला : 'दऱ्या' हा शब्द दोनदा आला आहे, एक काढावा. बरोबर होतं ते. तरी या वेळी मी बाईंना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "राहू दे रे. तो मी मुद्दाम दोनदा लिहिलाय, तू नेहमी चुकायचास."