श्रद्धावंताचें मन आणि समुपदेशक

नमाजापूर्वीं हातपाय व तोंड धुण्याच्या विधीस ‘वजू’ म्हणतात. एखादा तरुण वजू करून उठतो आणि एखादें बोट कोरडें राहिलें असेल, या शंकेनें पुनः धुवावयास बसतो. दहा वेळां धुतलें तरी शंका फिटत नाहीं. नमाजाची वेळ टळून जाते. असा तरुण समुपदेशकाकडे आला, तर त्यानें काय करावें? इस्लामचा परिचय नसलेला समुपदेशक विधीलाच रोग समजेल; नुसता धर्मोपदेश जाणणारा रोगालाच भक्ति समजेल. दोघांच्याहि हातून तरुणाचें दुःख वाढण्याचाच संभव अधिक.

सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री (१९३२–२०२१) यांनीं ही उणीव ओळखली. पाश्चात्त्य सिद्धांत पारखून न घेतां उचलणाऱ्या आपल्या स्वधर्मीय मानसशास्त्रज्ञांना त्यांनीं १९७५ सालीं अमेरिकेंतील एका व्याख्यानांत कठोर शब्दांत जागें केलें. आधुनिक उपचार टाकून द्यावे, असें मात्र त्यांचें म्हणणें नव्हतें. ते स्वतः वर्तनोपचार करीत. बल्खचे पंडित अबू झैद (मृत्यु ९३४) यांच्या ग्रंथाच्या मनोविषयक भागाचा इंग्रजी अनुवाद त्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. भय, क्रोध, विषाद आणि मनाला छळणारे विचार यांचें त्यांत स्वतंत्र विवेचन आहे. कारण ठाऊक असलेला विषाद आणि अकारण वाटणारा विषाद असे दोन प्रकार करून, दुसऱ्याचें मूळ ग्रंथकार शरीरांत शोधतात. औषधें जशीं घरीं आधींच ठेवावीं, तसे हितकर विचार स्वस्थ काळीं सांठवावे, असा त्यांचा सल्ला आहे.

या परंपरेची ओळख समुपदेशकाच्या शिक्षणांत असेल, तर त्या तरुणाशीं बोलतांना त्याला आधार सांपडेल. निश्चित गोष्ट संशयानें नाहींशी होत नाहीं, हा इस्लामी धर्मशास्त्राचा प्रसिद्ध नियम आहे. वजूंत अवयव तीनपेक्षां अधिक वेळां धुणें प्रशस्त मानीत नाहींत. म्हणजे हें अखंड प्रक्षालन व्याधि करविते. धर्म तें मागत नाहीं. एवढें पटल्यावर, एकदांच धुवून शंका सोसण्याचा क्रमाक्रमानें अभ्यास करतां येतो. तरुणाची संमति असेल, तर जाणत्या इमामाचेंहि साहाय्य घ्यावें.

येथें एक मर्यादा पाळली पाहिजे. प्रत्येक मुसलमानाची श्रद्धा सारखी नसते. म्हणून आधीं विचारावें, मग बोलावें. समुपदेशकानें प्रवचनकार होऊं नये. उंट बांधून मगच ईश्वरावर भरंवसा ठेवावा, ही पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी शिकवण प्रसिद्धच आहे. उपचार हें तें उंट बांधणें होय. समोरच्या दुःखिताला श्रद्धा आणि उपचार यांपैकीं एकाचाच त्याग करावयास लावूं नये, हें समुपदेशकाला शिकवितां आलें, तरच तें शिक्षण सार्थ झालें.