नळीखालचे ठसे : परदेशी शिकारी रायफलींची ओळख आणि त्यांचे मोल

(शिरूर अनंतपाळ येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

शिकारी रायफलीचे मोल नळीवर कोरलेल्या नावावरून ठरवण्याची आपल्याकडे रूढ झालेली रीत सदोष असून, नळीच्या खालच्या अंगावरचे परीक्षणाचे ठसे, अनुक्रमांक आणि परवान्याचा कागद हे तीन पुरावे एकत्र वाचल्याखेरीज कोणत्याही रायफलीविषयी निश्चित विधान करता येत नाही, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पेचदार चर पाडलेले असतात अशी बंदूक. या चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा टिकते. छऱ्यांची दुनळी आणि ठासणीची बंदूक यांचा विचार येथे केलेला नाही.

हैदराबाद संस्थानाचा इतिहास या सभागृहास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांचे शिकारीचे वेड, राजा दीनदयाळ यांनी टिपलेली शिकारतळांची छायाचित्रे, जहागीरदारांचा थाट हे सर्व परिचित आहे. शिरूर अनंतपाळ ज्या निलंगा तालुक्यात मोडत असे, तो तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे, कारण या भागातील जुन्या परवान्यांचा शोध लातुरात घेऊन भागत नाही, आणि ते कागद बहुधा उर्दूत, फसली सनात लिहिलेले असतात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन हाती येतो. म्हणजे १३४० फसलीचा परवाना १९३०-३१ च्या सुमाराचा समजावा.

नावामुळे होणारी फसगत अशी की, कलकत्त्याचे मँटन, रॉडा, लायन अँड लायन किंवा मद्रासचे पी. ऑर अँड सन्स ही नावे नळीवर ठळक दिसतात आणि घरातील मंडळी त्यांनाच कारखानदार मानतात. ही मुख्यतः विक्रेत्यांची नावे होत. प्रत्यक्ष घडण बर्मिंगहॅमची, जर्मनीतील ओबर्नडॉर्फची, ऑस्ट्रियातील श्टायरची किंवा बेल्जियममधील लिएजची असू शकते. लंडनच्या रिग्बी या प्रतिष्ठित पेढीकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९१२ पर्यंत ब्रिटनमधील माउझर यंत्रणांची एजन्सी होती, त्यामुळे तिच्या कित्येक रायफलींचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून पाठीमागून बंद करणारा सरकता दांडा, जर्मन बनावटीचा आहे. मानलिखर-शोनाउअर ही १९०३ ची ऑस्ट्रियन रायफल नळीच्या टोकापर्यंत गेलेल्या लाकडावरून, बोल्टच्या, लोणी लावण्याच्या सुरीसारख्या चपट्या मुठीवरून आणि काडतुसांना गोल फिरवणाऱ्या पेटीवरून नाव न वाचताही ओळखता येते.

परीक्षणाचा ठसा म्हणजे, नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून नळी टिकते की नाही याची अधिकृत संस्थेने चाचणी घेतल्यानंतर धातूवर उमटवलेली खूण. लंडनमध्ये हे काम तोफा-बंदूक घडवणाऱ्यांच्या १६३७ पासूनच्या संघाकडे, तर बर्मिंगहॅममध्ये १८१३ साली स्थापन झालेल्या परीक्षणगृहाकडे आहे. १८९१ च्या कायद्यानंतरच्या जर्मन नळीवर मुकुटाखाली बी, जी, यू ही अक्षरे सापडतात; त्यांतील जी हे अक्षर नळी चर पाडलेली असल्याचे सांगते, आणि मुकुटाऐवजी गरुड दिसला तर ती नळी बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील किंवा त्यानंतरची ठरते. लिएजचा ठसा अंडाकृती चौकटीतील ई, एल, जी या अक्षरांचा असतो. चेक बर्नो रायफलीवर दोन शेपट्यांचा सिंह आणि पुष्कळदा वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. बर्मिंगहॅमने १९२१ पासून वर्षदर्शक अक्षरे वापरण्यास आरंभ केला आणि १९२५ नंतर तेथे तपासलेल्या परदेशी शस्त्रावर ‘नॉट इंग्लिश मेक’ असे शब्द उमटू लागले. इंग्रजी दुकानाचे सोनेरी नाव आणि त्याच नळीवर हे तीन शब्द अशी जोडी आढळली, तर निर्णय ठशाच्या बाजूने द्यावा लागतो.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घेणारा शेतकरी रंगवलेल्या शिंगांकडे पाहून पैसे मोजत नाही, तो तोंड उघडून दात पाहतो (हशा), आणि रायफलीच्या बाबतीत दातांचे काम हे ठसे करतात. ते बहुधा लाकडाखाली दडलेले असल्यामुळे घरी स्क्रू खोलण्याचा मोह टाळून, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, परवानाधारक कारागिराकडूनच ते काम करून घेणे इष्ट होय.

ठशांनंतर कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासावरून ठरणाऱ्या मापाचा विचार येतो. जुन्या पद्धतीत एक पौंड शिशापासून नळीत बसतील अशा किती गोळ्या होतात यावरून बोअर ठरे, आणि बारा बोअर ही संज्ञा त्यातूनच आली. रायफलींचे इंग्रजी माप मात्र इंचाच्या दशांशात लिहितात. १९०७ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाच्या शस्त्रांची आणि काडतुसांची आयात रोखली, कारण तोच दारूगोळा लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांच्या हाती पडेल अशी त्याला भीती होती, परिणामी बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे बाजारात आणली, त्यामुळे अशा रायफलीचा काळ मापावरूनही अंदाजता येतो. .३०३ हे लष्करी माप नागरिकांना बंद असल्याने बीएसएसारख्या कारखान्यांनी ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर काडतुसावर आधारलेली .३१५ रायफल येथे विकली, आणि पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्याने तेच माप देशी केले. त्यामुळे घरातील ‘तीनशे पंधरा’ परदेशी की देशी, हा प्रश्न मापाने सुटत नाही, ठशाने सुटतो.

याच ठिकाणी मराठवाड्यातील एका गैरसमजाचा परामर्श घ्यावा लागतो. १९४८ साली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीची विमाने उडवून हैदराबादला शस्त्रे पोहोचवली, आणि ती उतरवण्याच्या ठिकाणांत येथून जवळच्या बीदरचाही समावेश होता. भारत सरकारने संस्थानाची नाकेबंदी केलेली असताना बॉम्बफेकी विमानावरून बेतलेल्या लँकेस्ट्रियन या मालवाहू विमानांनी हा उद्योग काही महिने चालला. कॉटनला त्याबद्दल ब्रिटनमध्ये पुढे दंडही झाला. सप्टेंबरच्या १३ ते १७ तारखांना झालेल्या पोलीस कारवाईनंतर ठिकठिकाणी शस्त्रे गोळा झाली, आणि तेव्हापासून जुनी परदेशी रायफल म्हटली की ती ‘विमानातून आलेली’ असे सांगण्याची सवय जडली. परंतु विमानांतून आलेला माल संस्थानाच्या सैन्यासाठी होता. लष्करी रायफलीचे साधे जाड लाकूड, संगिनीची खोबण आणि शासकीय मालकीचे शिक्के यांवरून ती शिकारी रायफलीपासून सहज वेगळी काढता येते. आजोबांनी १९३० च्या दशकात परवान्यावर रीतसर विकत घेतलेली रायफल नातवाने अभिमानापोटी १९४८ च्या कथेशी जोडली, तर तिच्या इतिहासाचे नुकसान होते आणि कायद्याच्या दृष्टीने नसता संशयही ओढवतो. हा विषय विस्तारला हे खरे, परंतु या परिसरात तो टाळून पुढे जाणे योग्य ठरले नसते.

अध्यक्षांकडून वेळेची चिठ्ठी आली असल्याने मूल्यांकनाचे निकष संक्षेपाने नोंदवले पाहिजेत. पहिला निकष कायदेशीर वर्गाचा : निषिद्ध बोअरचे शस्त्र सामान्य परवानाधारकास विकता येत नाही, म्हणून परदेशी लिलावातील त्याचा भाव येथे निरुपयोगी ठरतो. दुसरा काडतुसांचा : ज्याचे काडतूस मिळत नाही त्या उत्तम रायफलीलाही गिऱ्हाईक नाही. तिसरा नळीच्या आतल्या स्थितीचा : जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार ओल शोषून घेत, त्यामुळे साफ न केलेल्या नळीत गंजाचे खड्डे पडलेले असतात. चौथा मूळपणाचा : नव्याने पॉलिश केलेली, ठसे घासलेली, दस्ता बदललेली रायफल चकाकते पण मोल गमावते, आणि अनुक्रमांक पुसणे हा तर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हाच आहे. पाचवा कागदांचा : हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या विक्रीवह्या टिकून असल्याने अनुक्रमांकावरून शस्त्राचे मूळ तपशील मिळू शकतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळजवळ बंद असल्यामुळे साध्या बर्नो रायफलीलाही येथे मागणी राहते, ती मात्र दुर्मीळतेमुळे, कारागिरीची श्रेष्ठता त्यावरून सिद्ध होत नाही.

पहिल्या रांगेतून शिकारीच्या समर्थनाविषयी झालेली कुजबुज लक्षात घेऊन हेही स्पष्ट केले पाहिजे की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा अध्याय मिटला आणि तो मिटलाच पाहिजे होता. येथे चर्चा आहे ती धातूत आणि कागदात उरलेल्या सामाजिक इतिहासाची. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, ती वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही लागू आहे, आणि वारसांच्या नावे परवाना न झालेले शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावेच लागते. कायद्याचे हे पालन निःशंकपणे करावे. मात्र जमा करण्यापूर्वी प्रत्येक ठशाचे स्वच्छ छायाचित्र, अनुक्रमांक, मापाची नोंद आणि जुन्या उर्दू परवान्याची प्रत घरात जपून ठेवावी, व त्यांची एक प्रत गावच्या ग्रंथालयास द्यावी, एवढीच या तालुक्यातील प्रत्येक परवानाधारक कुटुंबास आग्रहाची विनंती आहे.