धुराचा हिशेब

काशीचा संकठा घाट महाराष्ट्राला परका वाटू नये. त्याच्या एका अंगाला शिंद्यांचा घाट आहे. दुसरीकडे थोडे पुढे गेले की नागपूरकर भोसल्यांचा. या घाटांपुढून जाणाऱ्या होड्यांची यंत्रे वर्षानुवर्षे डिझेलवर चालत. २०२१ च्या सुमारास त्यांना नैसर्गिक वायूची यंत्रे बसविण्याचे काम सुरू झाले आणि पुढे खिडकिया, म्हणजे आजच्या नमो घाटाशी, होड्यांसाठी तरंगते वायुकेंद्र उभे राहिले. मणिकर्णिकेच्या चितांचा धूर राहिला, शहरातील वाहनांचाही राहिला. परंतु वायूवर चालणाऱ्या यंत्राची काजळी डिझेलच्या मानाने फारच थोडी, आणि हा लाभ नावाड्याच्या छातीला खरोखरीचा आहे.

हा वायू समुद्रतळातून निघतो तेव्हा मात्र इतका निर्मळ नसतोच असे नाही. वसईवरून ज्याचे नाव पडले त्या दक्षिण बसीन क्षेत्रातील वायूत हायड्रोजन सल्फाइड हे विष मिसळलेले असते. सुरतेजवळ हजीरा येथे ते वेगळे काढतात आणि शुद्ध झालेला वायू १९८० च्या दशकात घातलेल्या नळमार्गाने उत्तर प्रदेशात जगदीशपूरपर्यंत जाऊ शकतो. काशीत जळणारा सर्व वायू तेथलाच असेल असे नव्हे. पण आंबूस वायू असेल, तर त्याला कोठे तरी असे धुवावेच लागते.

अशा कारखान्यांत काढलेल्या विषाचे बहुतांशी गंधक बनते. उरलेला अंश जळून सल्फर डायऑक्साइडच्या रूपाने धुराड्यावाटे बाहेर पडतो. यंत्रात बिघाड झाला, तर स्फोट टाळण्यासाठी वायू उंच ज्योतीत जाळावा लागतो. धुराडे उंच असले की धूर दूर जातो. पण हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतचा थंड थर ऊन लागून मोडू लागला, म्हणजे वर अडकलेला धूर एकाएकी वस्तीवर उतरतो.

येथे सरासरी फसवते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे २४ तासांची सरासरी घनमीटरला ८० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. समजा, २३ तास प्रमाण २० राहिले आणि एक तास ९६० वर गेले. सरासरी निघते ५९! कागद निर्दोष ठरतो. दमेकऱ्याची छाती मात्र काही मिनिटांतच आवळलेली असते. त्या मानकांत या वायूसाठी तासाची मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर १० मिनिटांसाठी ५०० ही मर्यादा सांगितलेली आहे.

म्हणून वाऱ्याखालच्या गावांत तासातासाची नोंद हवी, आणि ज्योत केव्हा व किती वेळ पेटली हे ग्रामस्थांना त्याच दिवशी कळावयास हवे. गंगेवरच्या नावाड्याचा मोकळा श्वास समुद्रकाठच्या कुणाच्या श्वासातून वजा होता कामा नये.